लेथवरची प्रॅक्टिकल टेस्ट: मागच्या वेळी तिसरा व्यास का गेला आणि आठ दिवसांत काय करायचं

पलूस तालुक्यातल्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे. आयटीआयचा टर्नर ट्रेड झाला, वर्षभराची अप्रेंटिसशिपही झाली. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपने पुढच्या सोमवारी बोलावलं आहे. आधी अर्ध्या तासाचा लेखी पेपर, मग लेथवर दोन तासांत एक स्टेप शाफ्ट, म्हणजे टप्प्याटप्प्याने व्यास बदलणारा दांडा, शेवटी सीएनसीवर (प्रोग्रामने चालणाऱ्या लेथवर) थोडं काम. याआधी दुसऱ्या एका कारखान्यात तिची अशीच टेस्ट झाली होती. तीन व्यासांपैकी दोन बसले, तिसरा ०.०८ मिलिमीटरने बारीक गेला. जॉब, म्हणजे तो कापलेला तुकडा, तसाच जमा करून ती घरी आली आणि पुढे फोन आला नाही. काय चुकलं हेही कुणी सांगितलं नाही. ‘आठ दिवसांत काय करू?’ असं ती विचारते.

मी २४ वर्षं मशिन शॉपमध्ये आहे. सुरुवात साताऱ्याला लेथवर झाली, नंतर सांगलीला आलो. गेली ११ वर्षं नवीन मुलामुलींच्या टेस्ट मीच घेतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगू शकतो.

मागच्या वेळचं आधी बोलू, कारण बरीचशी तयारी त्यातूनच निघते. तू दिलेला ०.०८ हा आकडा मी दोनदा वाचला. तिसऱ्या व्यासाला शेवटच्या कटाच्या आधी किती काढायचं राहिलं होतं, आठवतंय का? माझा अंदाज, तेही ०.०८ च राहिलं होतं. तू क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबमध्ये आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) डायलवर ०.०८ दिलंस आणि ती डायल रेडिअसवर होती. टूल ०.०८ आत गेलं की व्यासातून ०.१६ जातात. हवे होते त्याच्या दुप्पट गेले आणि जॉब बरोबर ०.०८ ने बारीक झाला.

काही लेथच्या डायलवर व्यासातून किती निघणार ते कोरलेलं असतं, काहींवर टूल किती सरकणार ते. ज्या लेथवर तू दोन वर्षं शिकलीस तिथे एक पद्धत असेल, त्या कारखान्यात दुसरी. पहिल्या दोन व्यासांना हाताशी वेळ होता. थोडं थोडं घेत, मोजत गेलीस आणि ते बसले. तिसऱ्याच्या वेळी घड्याळ दिसायला लागलं असणार.

याचा उपाय दोन मिनिटांचा आहे. रफ कट चालू असतानाच एकदा व्यास मोज, डायलवर नेमके ०.५० दे, कट घे आणि परत मोज. व्यास ०.५० ने कमी झाला तर डायल व्यासावर आहे, १.०० ने झाला तर रेडिअसवर. ते ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेव. किंवा उभ्या उभ्या विचार, ‘सर, ही डायल डायमीटरवर आहे का रेडिअसवर?’ विचारल्याने मार्क जात नाहीत. माझ्याकडे ज्याने हा प्रश्न विचारला त्याच्याकडे मी नंतर जास्त लक्ष देऊन बघितलं, कारण एवढं विचारणारा माणूस दुसऱ्याचं मशिन आपलं समजून चालवत नाही.

डायलचीच आणखी एक गोष्ट. हँडल थोडं जास्त फिरलं तर तेवढंच मागे घेऊन चालत नाही. स्क्रू आणि नटमध्ये ढिलाई असते, म्हणजे बॅकलॅश. डायल मागे येते, टूल जागचं हलत नाही. हँडलचा एक पूर्ण फेरा मागे जा आणि परत पुढे येत आकडा गाठ. जुन्या लेथवर हे न पाळल्यामुळे गेलेले जॉब मी मोजायचं सोडून दिलं आहे.

पण फोन न येण्याचं कारण माझ्या मते तो ०.०८ नव्हता. बारीक गेलेला जॉब तू काही न बोलता जमा केलास, ते होतं.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण माझ्याही बाबतीत हेच झालं आहे. अप्रेंटिसशिप संपल्यावर एका कारखान्यात मी टेस्ट दिली. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला होता. मी तो तेलाच्या कपड्यात गुंडाळला आणि इतर जॉबच्या खाली ठेवला. फोरमन आले, त्यांनी सगळ्यात खालचाच जॉब उचलला, गेज घातला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. ती नोकरी मला मिळाली नाही आणि मिळायला नको होती हे मला फार नंतर कळलं. प्रॉडक्शनमध्ये असा एक लपवलेला तुकडा पुढे जातो, असेंब्लीत बसत नाही किंवा बसून नंतर तुटतो, आणि ग्राहक सगळा लॉट परत पाठवतो. जॉब बिघडला तर एका तुकड्याचं नुकसान होतं. लपवला तर कुठपर्यंत जाईल ते सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा टेस्टला आला होता. वेळ संपायला २० मिनिटं असताना त्याने मशिन बंद केलं, जॉब घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘सर, हा व्यास ०.०६ ने बारीक गेलाय. मी डायल उशिरा तपासली. उरलेल्या वेळात पुढचे साइज पूर्ण करू, का दुसरा तुकडा मिळेल?’ दुसरा तुकडा दिला नाही, वेळच नव्हता. त्याने बाकीचे साइज नीट पूर्ण केले. त्या दिवशी सगळे साइज बसलेला दुसरा एक मुलगा होता, त्यालाही घेतलं. पण मला आधी हाच हवा होता. आज तो माझ्या शिफ्टला सेटर आहे, म्हणजे इतरांना मशिन लावून देतो.

म्हणून सोमवारी काही बिघडलं तर त्याच क्षणी सांग. कुठला साइज, कितीने, कशामुळे. एवढ्या तीन गोष्टी सांग. माफी मागत बसू नकोस, आणि मशिन जुनं आहे असंही म्हणू नकोस, खरोखर असलं तरी.

आता मोजमापाबद्दल. इथे मुलं सगळ्यात जास्त चुकतात. घरी बसून सुधारता येईल अशीही हीच एक गोष्ट आहे, म्हणून आठपैकी निदान चार दिवस यालाच दे.

मायक्रोमीटरची बाही (न फिरणारी नळी) आणि तिच्यावर फिरणारं थिंबल डोळ्यांसमोर आण. जॉब १९.९८ आहे. बाहीवर १९ ची रेघ दिसते, तिच्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसते आणि थिंबलवर ४८ जुळलेलं आहे. १९ अधिक ०.५० अधिक ०.४८, म्हणजे १९.९८. पण २० ची रेघ थिंबलच्या कडेला एवढी टेकलेली असते की ती बाहेर आल्यासारखीच वाटते. घाईत मुलगी २० वाचते, वर ४८ मिळवते आणि लिहिते २०.४८. मग अजून ०.४८ काढायचे आहेत असं समजून कट देते. जॉब गेला. उलटी चूकही होते. अर्ध्याची रेघ विसरली की १९.४८ वाचलं जातं आणि हातातला चांगला जॉब वाया गेला म्हणून रडू येतं.

यावर माझ्याकडे एकच सवय आहे आणि ती मी सगळ्यांना लावतो. आधी व्हर्निअर लावायचं, मग मायक्रोमीटर. व्हर्निअरने २० च्या आसपास दाखवलं की मायक्रोमीटरवरचं २०.४८ किंवा १९.४८ खोटं आहे हे आपोआप कळतं. दहा सेकंद जातात. परीक्षकाला तो क्रम लांबूनही दिसतो.

सरावासाठी गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून एक टाकाऊ ६२०४ बेअरिंग माग. त्याची मापं ठरलेली असतात: आतला व्यास २०, बाहेरचा ४७, रुंदी १४. रॉकेलने धू, पूस, आणि एकाच जागी रुंदी दहा वेळा मोज. प्रत्येक वेळी मायक्रोमीटर पूर्ण उघडायचा आणि परत लावायचा. आकडे वहीत लिही. सगळे १० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या, आत आले तर तुझा हात तयार आहे. जास्त फरक येत असेल तर तू थिंबल धरून आवळते आहेस, रॅचेट वापरत नाहीस. रॅचेटचे दोन-तीन टक् आवाज, बस. आणि मोजण्याआधी झीरो बघायचा, दर वेळी. टेस्टला दिलेल्या मायक्रोमीटरचा झीरो आम्ही कधी कधी मुद्दाम २० मायक्रॉन हलवून ठेवतो. हे सांगून टाकायला मला काही वाटत नाही, कारण ज्याला सवय आहे तो ते पकडतोच.

मायक्रोमीटर घरी नसणार. आयटीआयच्या सरांना विचार, शनिवारी दोन तास बसू देतात. नाहीतर तू पलूसची आहेस. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणला, तेव्हापासून तुमच्या भागात निवृत्त टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. एखाद्या काकांच्या घरी फडताळात तेल लावून, कपड्यात गुंडाळून ठेवलेला मायक्रोमीटर अजून निघेल. जाऊन भेट. मोजता मोजता ते जे बोलतील ते माझ्या या उत्तरापेक्षा जास्त उपयोगाचं असेल.

टेस्टच्या दिवशी ड्रॉइंग हातात पडलं की पहिली दहा मिनिटं मशिनला हात लावू नकोस. शेजारच्या बेंचवरच्या मुलाचा चिप उडायला लागेल, उडू दे. आधी बघ, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती हद्द) कुठल्या साइजला दिला आहे आणि कुठल्या साइजला नाही. ज्याला दिलेला नाही त्याला जनरल टॉलरन्स लागतो आणि तो टायटल ब्लॉकमध्ये लिहिलेला असतो. तिथे टॉलरन्सचा मध्यम (मीडियम) वर्ग दिला असेल तर ६ ते ३० पर्यंतच्या मापाला ०.२ अधिक-उणे, ३० ते १२० ला ०.३. म्हणजे ४० लांबीच्या खांद्यावर वेळ घालवायचं कारण नाही. पण व्यास २० आणि शेजारी लहान एच सात असेल तर वरची हद्द २०.०००, खालची १९.९७९. एवढ्या २१ मायक्रॉनसाठी तुझा सगळा जीव राखून ठेव. हा फरक ज्याला कळतो त्याला दोन तास पुरतात. न कळणारा सगळ्याच साइजवर सारखा घाम गाळतो आणि वेळ संपते.

मग कामाचा क्रम पेन्सिलने लिही: फेसिंग, सेंटर, रफ, उलटून दुसरी बाजू, फिनिश, अंडरकट, आटा, चॅम्फर (कड तिरकी कापणं). जे व्यास एकमेकांशी एककेंद्री फिरायला हवेत ते एकाच पकडीत फिनिश व्हायला हवेत, एवढं बघून क्रम लाव. आटे चॅम्फरच्या आधी कुणी कापले तर सुरुवातीचा आटा बर (कडेला उरलेला धारदार कंगोरा) धरतो, म्हणून चॅम्फर आधी घेतलास तरी चालेल. मी तर तेच करतो.

फिनिशिंगची एक युक्ती देतो, ती पुस्तकात सहसा सापडत नाही. शेवटचे दोन कट सारख्या खोलीचे घे. समज, रफ झाल्यावर व्यास २०.६० आहे आणि १९.९९ गाठायचा आहे. ०.६१ राहिले. निम्मे, म्हणजे व्यासातून ०.३० जातील असा कट दे, त्याच फीडने, त्याच स्पीडने. मोज. २०.३० यायला हवा होता आणि २०.३२ आला, तर टूल आणि जॉब मिळून २० मायक्रॉन दबतात हे कळलं. पुढचा कटही तेवढ्याच खोलीचा असल्यामुळे तेवढाच दाब येतो. आता पहिल्या कटाच्या फरकाचा हिशेब धरून दुसरा दे, साइज बसतो. मुलं काय करतात, भीतीने ०.०३ राखून ठेवतात. एवढ्याशा कटात टूल कापत नाही, घासतं. दोनदा घासतं, काही निघत नाही, तिसऱ्यांदा एकदम ०.०५ निघतात.

आणि गरम जॉब मोजू नकोस. पोलाद तापलं की फुगतं. २० चा व्यास मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर साधारण ९ मायक्रॉन मोठा दिसतो. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले ९ तिथेच गेले. तू ते काढतेस, जॉब थंड होतो आणि बारीक निघतो. रफ झाल्यावर जॉब कूलंटने गार कर आणि तेवढ्या वेळात टूल बदल किंवा बर काढ. हाताला लागणारा गरमपणा गेला की मगच शेवटचे दोन कट.

तुकडा कास्टिंगचा दिला तर? आपल्या पट्ट्यात फाउंड्री भरपूर, त्यामुळे कुपवाडला आणि साताऱ्यालाही टेस्टला बिडाचा तुकडा हातात पडू शकतो. बिडाची वरची साल कडक असते, त्यात वाळूचे कण अडकलेले असतात. पहिला कट सालीच्या खालून जाईल एवढा खोल घे. वरवर घेतलास तर टूलची धार सालीतच संपते. कूलंट न लावता काप, आणि शेवटी बेडवरची काळी पूड ब्रशने काढ. हवेची नळी मारू नकोस, ती पूड डोळ्यांत आणि स्लाइडमध्ये जाते.

सुरक्षेबाबत थोडक्यात, पण इथे मी अजिबात सूट देत नाही. चक की (जॉबची पकड आवळायची चावी) चकमध्ये सोडून हात बाजूला केला की माझ्याकडे टेस्ट तिथेच थांबते, जॉब कितीही सुंदर असो. फिरत्या लेथवर हातमोजे नकोत. चिप हाताने ओढायची नाही, हुक घ्यायचा. केस घट्ट बांधून टोपीत, ओढणी नाही, अंगठी आणि बांगड्या घरी. पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर बटणं लावलेली. लेथ तुझ्या उंचीला जास्त वर वाटली तर उभं राहायला लाकडी फळी माग, कारखान्यात असते. चाचपडत वाकून काम करण्यापेक्षा मागणं बरं. आणि मुलगी म्हणून कुणी सोपा जॉब पुढे केला तर शांतपणे म्हण, ‘बाकीच्यांना दिलाय तोच द्या.’

लेखी पेपरची फार काळजी करू नकोस. मायक्रोमीटर-व्हर्निअरचं लीस्ट काउंट, टॅप ड्रिल (एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२), टेपरचं सूत्र, फर्स्ट अँगलचं चिन्ह आणि स्पिंडल स्पीड, एवढ्यात बहुतेक मार्क असतात. स्पीडचं गणित समजून ठेव. कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, मऊ पोलाद, २५ मीटर प्रति मिनिट, व्यास २५, तर ३१८ आरपीएम. गिअरबॉक्सवर ३१८ नसतंच, जवळचा खालचा वेग लावायचा. तोंडी परीक्षेत हे शेवटचं वाक्य बोललीस तर समोरच्याला कळतं की ही लेथवर उभी राहिलेली आहे.

सीएनसीवर तुझ्याकडून प्रोग्राम लिहून घेतील असं मला वाटत नाही. ऑपरेटर म्हणून घेताना दोन गोष्टी बघतात. पहिली, जॉब २०.०६ आला आणि २०.०० हवा असेल तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती भरायच्या जागी) काय टाकशील? एक्समध्ये उणे ०.०६. तिथे एक्स व्यासावर चालतो, त्यामुळे निम्मे करायचे नाहीत. लेथवरचा रेडिअसचा हिशेब डोक्यात ठेवून इथे ०.०३ टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. चिन्ह टाकल्यावर एकदा मोठ्याने वाच, ‘उणे शून्य पॉइंट शून्य सहा’. उणेच्या जागी अधिक पडलं तर पुढचा जॉब २०.१२ निघतो. दशांश चिन्ह विसरलं तर काय होईल ते बोलायलाच नको. दुसरी गोष्ट, नवीन ऑफसेटनंतरचा पहिला जॉब कसा चालवतेस. सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता सरकायचा वेग) २५ टक्क्यांवर, एक हात फीड होल्डपाशी (टूल थांबवायच्या बटणापाशी), आणि डोळे स्क्रीनवर उरलेलं अंतर किती दाखवतंय तिकडे. टूल जॉबपासून दोन बोटांवर आहे आणि स्क्रीनवर ८० मिलिमीटर उरलेत असं दिसलं की थांबवायचं. एवढं जमलं तर बाकीचं आम्ही शिकवतो.

रविवारी रात्री सराव नको, झोप घे. पिशवीत आयटीआयचं प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, दोन झेरॉक्स संच, पेन्सिल, खोडरबर, साधा कॅल्क्युलेटर, स्वच्छ सुती कपडा आणि सेफ्टी शूज. नऊची वेळ दिली असेल तर साडेआठला गेटवर पोच. गेटवर नोंद, पास आणि आत चालत जाणं यात वीस मिनिटं सहज जातात.

जॉब झाला की दहा मिनिटं हातात ठेव. टूल काढ, मशिन पूस, बेडला तेल लाव, मोजमापाची साधनं पुसून डब्यात ठेव. बर काढलेला, तेलाचा हात फिरवलेला जॉब ड्रॉइंगवर ठेव. प्रत्येक साइजशेजारी तुला मिळालेला आकडा पेन्सिलने लिही, बसला नसेल त्याचाही. हे सांगितल्याशिवाय फार थोडे करतात. जमा करताना विचार, ‘सर, तुम्ही मोजल्यावर मला तुमचे आकडे सांगाल का?’ बहुतेक जण सांगतात. मागच्या वेळी ते कुणी सांगितलं नाही आणि तू विचारलंही नाहीस. या वेळी त्यांचे आकडे तुझ्या आकड्यांशेजारी वहीत लिहून आण. निकाल काहीही लागो, ती वही मला दाखव. दोन आकड्यांमधला फरक बघून पुढे कशावर मेहनत घ्यायची ते आपण ठरवू.